नववीचा तास आणि २६/११

आज वर्गात दोनच उतारे: २८ नोव्हेंबर २००८ची बातमी आणि सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२च्या निकालाचा सोपा केलेला भाग. घोळ आकड्यांवर होतो. कुठे १६६ मृत, कुठे १७५. पोरं लगेच ‘पेपरवाले खोटं लिहितात’ म्हणून मोकळी. १७५ मध्ये मारले गेलेले ९ हल्लेखोरही धरलेत, हे फळ्यावर वजाबाकी केल्यावरच पटतं. बातमीत आकडा आणखी कमी, कारण ताजमधली चकमक २९च्या सकाळपर्यंत चालू होती. स्वतः ‘पाहिलं’ म्हणणाऱ्या वाक्याला निळी रेघ, ‘असं समजतं’ म्हणणाऱ्या ऐकीव वाक्याला लाल. सिनेमातली दृश्यं उत्तरात घुसतातच, ती खोडायची. सीएसटी स्थानकाचा (आताचं सीएसएमटी) नकाशा मात्र काढावा लागत नाही. भुसावळहून मुंबईला गेलेल्यांना लांब पल्ल्याच्या गाड्यांचा तो हॉल पाठ असतो. कसाबला पकडताना जीव गेलेले पोलीस तुकाराम ओंबळे, त्यांच्या परिच्छेदाला दहा मिनिटं राखून ठेवा, नाहीतर नेमकी तिथेच घंटा होते.