मूठ-मूठ तांदूळ, श्री राग आणि माझा गाण्याचा क्लास

गाण्याच्या मध्यमा परीक्षेच्या सरावाच्या पेपरात मी एक प्रश्न घातला होता : संत त्यागराजांचे जीवनचरित्र लिहा. अकरा लेकरांपैकी सात जणांनी त्यांचं जन्मस्थान लिहिलं 'कर्नाटक'. त्यागराज हे दक्षिणेच्या कर्नाटक संगीतातले रचनाकार. कर्नाटक संगीत, म्हणजे माणूस कर्नाटकातलाच, असा लेकरांचा हिशोब. मी मागच्याच आठवड्यात वहीत लिहून दिलं होतं की जन्म 1767 चा, तिरुवारूरचा; सगळं आयुष्य तिरुवैयारूला, कावेरीच्या काठी; दोन्ही गावं तमिळनाडूत. लेकरांनी पाठ केलं आणि तिसऱ्या दिवशी विसरून गेली.

लातूरला मी घरीच क्लास घेते. गळ्यानं तयार असलेली मुलंसुद्धा जीवनचरित्र म्हटलं की तोंड पाडतात. जन्म, गुरू, घराणं, मृत्यू. चार ओळींत माणूस संपतो, आणि ज्याची बंदिश आपण रोज गातो तो कुठल्या हवेत वाढला, कसलं पाणी प्यायला, हे कुठेच येत नाही. मला याचं फार वाईट वाटायचं.

त्याच आठवड्यात आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, क्लासच्या लेकरांना धपाटे करून घातले. एक मुलगा पहिल्याच घासाला म्हणाला, "हे आमच्या औशाच्या आजीसारखं लागतंय." आजी जाऊन चार वर्षं झालेली. नाव, साल विसरणारा हा मुलगा चव विसरला नव्हता. तिथंच मनात आलं की एकेका रचनाकाराच्या मुलखातला एकेक पदार्थ करायचा, त्याची रचना ऐकायची आणि तो पदार्थ खायचा. दर शनिवारी पाच वाजता, पाच शनिवार.

सुरुवात कुमार गंधर्वांपासून केली आणि पहिल्याच पायरीला अडले. जन्म 1924 चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. मग कुंदा आणायचा का? पण त्यांच्या रचनांची माती बेळगावची नाही. 1948 च्या जानेवारीत, क्षयानं पोखरलेलं शरीर घेऊन ते कोरड्या हवेसाठी देवासला गेले. चोवीस वर्षंही पूर्ण नव्हती. पुढची पाच-सहा वर्षं गाणं बंद. अंथरुणावर पडल्या पडल्या बाहेरून माळवी बायकांची गाणी कानावर पडत राहिली आणि त्याच लोकधुनांतून पुढे त्यांचे धूनउगम राग उभे राहिले. म्हणून मी ठरवलं, की जन्मगाव नाही, रचना जिथं उगवली ते गाव धरायचं. माळव्याचं दाल-बाफला.

बाफला आपल्याला परका नाही. नवसाच्या रोडग्याचा तो मावसभाऊच. जाडसर गव्हाचं पीठ, थोडं मक्याचं पीठ, ओवा, हळद, दही, तुपाचं मोहन. फरक एवढाच की रोडगा सरळ गोवऱ्यांच्या आरात जातो आणि बाफला आधी उकळत्या पाण्यात पडतो, वर तरंगला की काढून, निथळून मग भाजायचा. त्यामुळे आतून मऊ राहतो आणि फोडला की तूप पिऊन घेतो. उकळलेलं पाणी मी डाळीत घातलं. लातूरकराच्या हातून पाणी सांडत नाही. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आमच्यासाठी पाणी आलं होतं. माझा तानपुराही मिरजेचाच. तेव्हापासून तो लावायला घेतला की मला त्या गाडीची आठवण होते.

पदार्थ उत्तम झाला, बैठक मात्र फसली. चूक माझी होती. कुमारांचा लगनगंधार राग लावला आणि त्याच वेळी ताटं वाढली. चमच्यांचा आवाज, "मॅडम, अजून तूप", डाळ भुरकणं, या सगळ्यात त्यातले कोमल आणि शुद्ध असे दोन्ही गंधार कुणाच्या कानापर्यंत पोहोचलेच नाहीत. पुढच्या शनिवारपासून क्रम बदलला. आधी रिकाम्या पोटी एकदा ऐकायचं, मग खायचं आणि खाताना मी त्या माणसाची गोष्ट सांगायची. हात धुऊन आल्यावर तीच रचना पुन्हा, दिवे मालवून, कुणीही न बोलता. या दुसऱ्या ऐकण्यासाठीच बाकी सगळा खटाटोप होता, असं मला आज वाटतं. पोट शांत असतं आणि तोंडात अजून तो मुलूख असतो.

दुसरा शनिवार सदारंगांचा. खरं नाव नियामत खाँ, दिल्लीच्या महंमदशहाच्या (1719 ते 1748) दरबारातले बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे. ख्यालाच्या बंदिशीत 'सदारंगीले' आणि 'मोंमदसा' (म्हणजे महंमदशहा) आले की लेकरं हसायची, कारण ही माणसांची नावं आहेत हेच त्यांना ठाऊक नव्हतं. 1738 च्या सुमारास निजामासोबत दख्खनेतून दिल्लीला गेलेल्या दरगाह कुली खानानं या नियामत खाँबद्दल लिहून ठेवलंय. निजामाची राजधानी तेव्हा औरंगाबाद होती. आपल्याकडून गेलेल्या माणसानं ते बीन ऐकलं होतं म्हटल्यावर लेकरं जरा पुढे सरकून बसली. खायला बेडमी पुरी केली, उडदाच्या डाळीचं वाटण भरलेली. तिच्याबरोबर दिल्लीत बटाट्याची भाजी देतात, पण बटाटा उत्तरेत रुळला तो इंग्रजी अमलात. मी तो गाळला आणि मेथीदाण्याची आंबटगोड चटणी केली. मिरचीही पोर्तुगीजांबरोबर आली, हे मी सांगितल्यावर एकीनं विचारलं, "मग त्याच्या आधी आपल्याकडं ठेचा कशाचा करायचे?" हा प्रश्न माझ्या डोक्यात राहिला.

तिसरा शनिवार की-बोर्ड शिकणाऱ्या मुलाच्या हट्टापायी. त्याला बाहेरच्या देशातला कुणीतरी हवा होता. मी चेक संगीतकार अंतोनिन द्वोर्झाक निवडले. जन्म 1841, प्रागच्या उत्तरेला व्हल्टावा नदीकाठच्या नेलाहोझेवेस गावी. वडील सराय चालवायचे आणि खाटीककामही करायचे. त्यांची नववी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, अमेरिकेत लिहिली गेली आणि 1893 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कला पहिल्यांदा वाजली. तिच्या संथ भागात इंग्लिश हॉर्न या फुंकून वाजवायच्या वाद्यावर जी धून येते ती ऐकताच मागच्या रांगेतून आवाज आला, "मॅडम, हा तर भूप!" खरंच, ग प प, ग रे सा, रे ग प ग रे. पुढे भूप रागात नसलेला निषाद डोकावतो म्हणून भूप म्हणता येणार नाही, पण त्या पहिल्या ओळीला लेकरांचे चेहरे जे उजळले ते मी विसरणार नाही. हजारो मैलांवरच्या, घरापासून दूर बसलेल्या माणसाच्या सुरात त्यांना आपला रोजच्या रियाजातला पलटा सापडला होता.

पदार्थानं मात्र रडवलं. चेक लोकांकडे फळ भरलेले उकडीचे गोळे करतात, वरून किसलेलं कोरडं चीज, खसखस, साखर आणि वितळलेलं लोणी. मी चक्क्यात मैदा मळून आत भिजवलेलं जर्दाळू भरलं आणि गोळे उकळत्या पाण्यात सोडले. दोन मिनिटांत पातेल्यात खळ झाली. जर्दाळू तळाशी, पीठ वर. पाच वाजायला तास राहिलेला. आत्याबाईंनी पातेल्यात वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "चक्का ओला हाय गं. पीठ उकडायचं म्हणल्यावर आधी कोरडं करावं लागतंय. रवा घाल, आन पाणी धडधडा उकळू नको." उरलेला चक्का फडक्यात दाबून पिळला, मूठभर रवा घातला, पीठ वीस मिनिटं झाकून ठेवलं, पाणी नुसतं हलतं ठेवलं. गोळे टिकले. नंतर कळलं की तिकडच्या बायकासुद्धा त्यात रवा घालतात. पंचमीला दिंड उकडून ज्यांचा हात बसलाय त्यांना ही गोष्ट पुस्तकातून शिकावी लागत नाही.

मधल्या काळात एक पालक बोलून गेले, की लेकराला गाणं शिकायला पाठवतो, जेवायला नाही. मला लागलं. उत्तर दिलं नाही, पण पुढच्या शनिवारी त्यांनाही बोलावलं. ते आले.

तो त्यागराजांचा शनिवार होता, ज्यांच्यामुळे हे सगळं सुरू झालं. तंजावरचा पदार्थ म्हणजे काय, यावर मी आठवडाभर विचार केला. तंजावरवर तेव्हा आपल्या भोसल्यांचं राज्य. राजाकडून बोलावणं आलं, भेटी आल्या आणि त्यागराजांनी त्या नाकारल्या असं सांगतात. मग त्यांच्यासाठी दरबारी पंचपक्वान्न कसं रांधायचं? ते जगले उंछवृत्तीवर. गल्लीतून रामाचं नाव गात जायचं आणि दारातून जे मूठभर धान्य पडेल त्यावर घर चालवायचं. आपल्याकडची माधुकरीच जवळजवळ. म्हणून लेकरांना सांगितलं, की प्रत्येकानं घरातून एक मूठ तांदूळ आणायचा. विकत आणायचा नाही, निवडायचा नाही, घरात जो असेल तो.

सूप पुढे ठेवलं आणि एकेक मूठ पडत गेली. कोलम, बासमतीचा तुकडा, चिकट इंद्रायणी, रेशनचा जाड तांदूळ. एका आईनं धुऊन वाळवून दिलेला. पिवळट, पांढरे, लांब, आखूड दाणे एकमेकांत मिसळले. शेवटी एक मुलगा दारातच उभा, मूठ मिटलेली. जवळ घेतलं तेव्हा मूठ उघडली. ज्वारी होती. "आमच्यात तांदूळ नसतो मॅडम. भाकरीच असती." मी ती ज्वारी एका वाटीत घेतली आणि तानपुऱ्यासमोर ठेवली. सांगितलं, पुढचा शनिवार हिचा.

अकरातल्या दहा मुठींचा भात शिजवणं सोपं नव्हतं. इंद्रायणी कधीच मऊ झाला होता आणि जाडा तांदूळ मधोमध कच्चा. कुकर वापरला असता तर लगदा झाला असता. उघड्या पातेल्यात, झाकण थोडं सरकवून, पाण्याचे हबके मारत शिजवला. परातीत पसरला, तिळाचं तेल सोडलं, गार होऊ दिला. चिंचेचा घट्ट कोळ, मोहरी, हिंग, हरभऱ्याची डाळ, शेंगदाणे, कढीपत्ता, सुकी मिरची अशी पुळियोदरैची फोडणी वरून घालून हातानं हलक्यानं कालवला. चिंचेनं सगळे दाणे एका रंगाचे केले, पण दाताखाली प्रत्येक दाणा वेगळा लागत होता.

आम्ही ऐकलं 'एंदरो महानुभावुलु', त्यागराजांच्या पाच नावाजलेल्या रचनांतली, म्हणजे पंचरत्न कृतींतली, श्री रागातली. पहिल्या ऐकण्यात मोठ्या मुलींनी भुवया चढवल्या : "मॅडम, हा श्री नाही." आपला हिंदुस्थानी श्री 'पूर्वी' नावाच्या थाटाचा (थाट म्हणजे सुरांचा साचा), कोमल रिषभ-धैवतांचा, सांजवेळचा गंभीर. दक्षिणेकडचा श्री आपल्या काफी थाटाच्या सुरांचा. नाव एक, राग दुसरा. खाताना मी अर्थ सांगितला, की थोर माणसं कितीतरी आहेत, त्या सगळ्यांना माझा नमस्कार. आणि तिरुवैयारूला दर वर्षी आराधनेला, म्हणजे त्यांच्या पुण्यतिथीच्या उत्सवाला, शेकडो गायक एकत्र बसून हीच कृती गातात हेही. दुसऱ्या ऐकण्यात अंधारात कुणीतरी मांडीवर ताल धरला. ते मघाचे पालक होते.

मग ज्वारीचा शनिवार. रचनाकार कोण? याचं उत्तर मला कल्याणीत सापडलं. उमरग्याच्या पुढचं आजचं बसवकल्याण. तिथला चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहून गेला. त्या एकाच ग्रंथात अन्नही आहे आणि संगीतही, आणि त्यातच नोंद आहे की महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात. म्हणजे मिरची नव्हती, शेंगदाणा नव्हता, पण ओवी होती. पदार्थ आपोआप ठरला : कण्या आणि ताक.

मुलाच्या मुठीत मी घरची दोन शेर ज्वारी मिसळली. आत्याबाईंनी तिला पाण्याचा हात लावला, माळ्यावरचं उखळ-मुसळ खाली काढायला लावलं आणि अंगणात बसल्या. पंचाहत्तरीच्या बाईचा आवाज पहिल्या दोन ओळी चिरका निघाला, मग मुसळानं त्याला धरून ठेवलं. प्रत्येक चरणाच्या शेवटी घाव पडत होता, आणि श्वासही तिथंच. तबला शिकणाऱ्यानं बोटं मोजायला सुरुवात केली आणि सोडून दिली, कारण चौथा चरण प्रत्येक वेळी आखूड येत होता आणि तरी घाव चुकत नव्हता. कोंडा पाखडून काढला, जात्यावर भरड काढली, मिठाच्या पाण्यात शिजवली. वर ताक, चुरडलेलं जिरं आणि मिरी.

एका मुलीनं वही काढली. तिला पेपरातल्यासारखं लिहायचं होतं. "आजी, ही ओवी कुणाची?"

"मायनं म्हणलेली."

"त्यांचं गाव?"

"तिचं माहेर कल्याणीकडलं. पर तिला तिच्या मायनं शिकवली, ती औराद शहाजानीची. तिच्या मायचं गाव मला ठावं नाही बाई."

मुलीनं 'जन्मस्थान' लिहून पुढं कल्याणी आणि औराद शहाजानी लिहिलं, स्वल्पविराम दिला आणि पुढची जागा कोरी सोडली. ज्वारी आणणारा मुलगा दुसऱ्यांदा कण्या वाढून घेत होता.