पायी मिरजेला

तावडे हॉटेलपाशी पोहोचलो तेव्हा पहाटेचे साडेपाच वाजले होते. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या चर्चच्या धर्मगुरूंनी, तिथे पहिली मोजणी केली. तेवीस. सगळ्यात लहान नववीतला मुलगा, सगळ्यात मोठे मंडळीचे एक वडील, वय एकाहत्तर. (आमच्याकडे ‘मंडळी’ म्हणजे चर्चचे सगळे सभासद, आणि ‘वडील’ म्हणजे मंडळीचा कारभार बघायला निवडलेली माणसं.) मोजून झाल्यावर प्रार्थना केली, टेम्पोत अंथरुणं आणि पाण्याचे कॅन चढले का ते पुन्हा एकदा पाहिलं आणि शिरोलीच्या पुलाकडे वळलो. खाली पंचगंगा नुसती जाणवत होती, धुक्यामुळे दिसत नव्हती.

कोल्हापूर ते मिरज, दोन दिवस, पन्नासेक किलोमीटर. ही कल्पना पाळकसाहेबांची. मिशनरी रॉयल वायल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले आणि इथलं मिशनचं काम सुरू झालं, हे आमच्या मंडळीत पोराटोरांना पाठ आहे. पण आमच्या घरांचं खरं नातं मिरजेशी. डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली या भागात आले, १८९४ साली त्यांनी मिरजेला मिशन हॉस्पिटल उभं केलं, आणि तिथे शिकून निघालेली एक तरी नर्स नाही असं घर आमच्यात शोधावं लागेल. माझी आई तिथलीच. तेव्हा एकदा तिथपर्यंत पायी जाऊन यायचं, उपकार स्मरून, असं ठरलं.

‘वारी’ म्हणायचं की नाही यावर मात्र सभेत तासभर गेला. एक जण म्हणाले, हा शब्द आपला नाही. पाळकसाहेब शांतपणे म्हणाले, मराठी माणसाचा प्रत्येक शब्द आपला आहे. कवी नारायण वामन टिळक तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आल्याचं स्वतःच सांगायचे, मग आपण कशाला बुजायचं? आणि बायबलातल्या स्तोत्रसंहितेतली १२० ते १३४ ही पंधरा आरोहण स्तोत्रं यरुशलेमेला सणाला चालत जाणाऱ्यांचीच तर आहेत. प्रभू येशू स्वतः बारा वर्षांचा असताना आईबापांबरोबर चालत गेला होता. परतताना तो मागे राहिला आणि मरिया-योसेफ ‘सोबतच्या लोकांत असेल’ असं समजून अख्खा एक दिवस चालत राहिले. म्हणून आपण दर थांब्याला माणसं मोजायची, असंही ते म्हणाले.

ते ‘सोबतच्या लोकांत असेल’ माझ्या मनात रुतून बसलं. कारण तेवीसमध्ये सिस्टरही होत्या.

सिस्टर म्हणजे निवृत्त नर्स. मिरजेलाच शिकलेल्या, सगळी मंडळी त्यांना सिस्टरच म्हणते. मी प्राथमिक शाळेत शिकवलं, म्हणून मी बाई. चार वर्षं आम्ही एकमेकींशी बोललो नव्हतो. म्हणजे ‘जय ख्रिस्त’ म्हणत होतो, दर रविवारी, दारात. त्यापुढे शब्द नाही. मी खिडकीकडच्या बाकावर बसायला लागले, त्या भिंतीकडच्या. एकदा प्रभुभोजनाला (प्रभूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेतात त्या विधीला) जागा अपुरी पडली आणि त्या माझ्या शेजारी आल्या. छोट्या पेल्यांचं तबक त्यांच्या हातून माझ्या हातात आलं. मी तबकाकडे पाहिलं, पेला उचलला, तबक पुढे दिलं. चेहऱ्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी घरी येऊन मला जेवण गेलं नव्हतं, तरी पुढच्या रविवारी मी पुन्हा खिडकीकडेच बसले.

झालं होतं ते एवढंच. महिला संघाचा हिशेब माझ्याकडे होता. वार्षिक सभेत सिस्टर उभ्या राहिल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, नाताळच्या जेवणाच्या खर्चात १,८४० रुपये जुळत नाहीत, बाईंनी खुलासा करावा. मला रडू फुटलं. बायका माझ्याभोवती जमल्या. एवढ्या वर्षांच्या सेवेवर संशय घेतात म्हणून सिस्टरांनाच चार गोष्टी ऐकाव्या लागल्या. रात्री घरी पावत्या पसरून बसले तेव्हा कळलं, किराण्याचं एकच बिल मी दोनदा लावलं होतं आणि पैसेही दोनदा घेतले होते. मुद्दाम नाही, पण घेतले होते. पुढच्या रविवारी मी १,८४० रुपये कोऱ्या पाकिटात घालून गुप्तदान म्हणून दानपेटीत टाकले. हिशेब मिटला असं स्वतःला सांगितलं. सिस्टरांवरचा ठपका तसाच राहिला.

शिरोलीची कारखानदारी मागे पडली आणि हेर्ल्याच्या पुढे दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. जानेवारी म्हणजे गाळपाचे दिवस. उसाने खच्चून भरलेल्या ट्रॉल्या एवढ्या जवळून जायच्या की लोंबणारे उसाचे शेंडे खांद्याला घासायचे. पोरांनी टाळ आणले होते. ख्रिस्ती भजनाला टाळ नवा नाही, आमच्या आज्या टाळावरच गायच्या. चोकाकजवळ ऊसतोडीवर आलेली दोन कुटुंबं आपल्या कोपीसमोर, म्हणजे झोपडीसमोर, बसली होती. त्यातल्या बाईने विचारलं, ‘कुठली दिंडी?’ नववीतला मुलगा म्हणाला, ‘येशूची.’ तिने काही न बोलता कोयत्याने कांडी तोडून प्रत्येकाच्या हातात दिली. अतिग्र्याच्या अलीकडे पांढऱ्या साडीतल्या तीन जैन माताजी समोरून आल्या, अनवाणी, हातात पिंछी (मोरपिसांची कुंची) आणि कमंडलू. या रस्त्याला त्यांचं चालणं रोजचंच. आम्ही आपोआप एका बाजूला झालो, टाळ थांबले. त्या गेल्यावर आमचे एकाहत्तर वर्षांचे वडील स्वतःच्या बुटांकडे पाहत कितीतरी वेळ गप्प होते.

हातकणंगल्याला पोहोचेपर्यंत माझ्या उजव्या टाचेला रुपयाएवढा फोड आला होता. मुक्काम एका हॉलमध्ये. पिठलं-भाकरी आणि खर्डा झाल्यावर मी कोपऱ्यात जाऊन मोजा सोडवत होते, तेवढ्यात सिस्टर समोर येऊन खाली बसल्या. हातात छोटी डबी.

‘पाय दाखवा, बाई.’

‘नको सिस्टर, मी करते.’ मी पाय मागे ओढला.

त्यांनी उत्तर दिलं नाही. पाय धरून मांडीवर घेतला. दिवसभराचा घामेजला, धुळीचा पाय. मला लाज वाटली. त्यांनी आधी ओल्या फडक्याने टाच, बोटांच्या बेचक्या, घोटा, सगळं पुसून घेतलं. मग सुईत पांढरा दोरा ओवला, चष्मा वर सारून, एका फटक्यात. सुई स्पिरिटमध्ये बुडवली, फोडाच्या कडेने आत घातली, दुसऱ्या कडेने काढली, दुखलं नाही. दोरा आतच ठेवून दोन्ही टोकं बोटभर सोडून कापली. ‘रात्रभर पाणी झिरपू दे. सकाळी काढते.’ त्या वाकल्या होत्या आणि मला त्यांचा भांग दिसत होता, पूर्ण पांढरा. चार वर्षांपूर्वी एवढा पांढरा नव्हता.

संडेस्कूलला प्रभूने शिष्यांचे पाय धुतल्याचा धडा मी किती वेळा शिकवला असेल. त्यांच्यातला पेत्र आधी नको म्हणतो, तिथे मुलं हसायची आणि मीही पुढे जायचे. पेत्राला काय वाटलं असेल हे मला हातकणंगल्यात कळलं. ज्याला तोंड दाखवायची सोय नाही त्याच्या हातात पाय द्यायचा, हे फार अवघड असतं. त्या रात्री झोप लागली नाही. बायबलातल्या मत्तयाच्या पुस्तकात प्रभू सांगतो, वेदीजवळ दान आणल्यावर आठवलं की भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव आणि आधी जाऊन समेट कर. मी उलट केलं होतं. दान पेटीत टाकून समेटाला जायचंच टाळलं होतं.

सकाळी त्यांनी दोरा काढला, पट्टी बांधली. मजले गाव येईपर्यंत मी शब्द जुळवत राहिले. तमदलग्याच्या पुढे बाकीची मंडळी गात पुढे गेली. मी लंगडत होते, सिस्टर माझ्यासाठी मागे राहिल्या होत्या. तिथे मी बोलले. बिल दोनदा लावलं होतं, पैसे गुपचूप परत टाकले, आणि तुमच्यावर आलेला बोल तुमच्यावरच राहू दिला. एका दमात सांगितलं. चालताना एक बरं असतं, दोघींची नजर रस्त्यावर असते.

सिस्टर थोड्या वेळाने म्हणाल्या, ‘मला माहीत होतं, बाई. दानपेटी मोजायला त्या रविवारी मीच होते. १,८४० रुपयांचं गुप्तदान कोण टाकतं? लोक हजार टाकतात, दोन हजार टाकतात.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘कशी बोलणार? आधी मीच चुकले होते. मत्तय अठरा वाचून बघा. भावाने अपराध केला तर आधी एकट्याने त्याच्याकडे जायचं, दोघांतच बोलायचं. ऐकलं नाही तर एकदोघांना घेऊन. मंडळीपुढे सगळ्यात शेवटी. मी शेवटची पायरी पहिली चढले. तुम्ही तशा रडलात ना, ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. रोज म्हणायचे, बाईंकडे जाऊन यावं. बावड्याची बस घराच्या दारातून जाते, आणि चार वर्षं माझ्याच्याने त्या बसमध्ये चढवलं नाही.’

जयसिंगपूर कधी आलं कळलं नाही. उदगाव ओलांडून अंकलीच्या पुलावर आलो तेव्हा ऊन चढलं होतं, कृष्णेचं पाणी संथ होतं. पुलाच्या टोकाला मंडळी थांबली होती. पाळकसाहेबांनी बोटाने मोजलं, आमच्यावर येऊन थांबले, आणि म्हणाले, ‘तेवीस.’

मिरजेला हॉस्पिटलच्या फाटकाशी उभं राहून आम्ही गायलो आणि प्रार्थना केली. पोरांनी फोटो काढले. सिस्टरांनी मला बाजूला नेऊन नर्सेस होस्टेलकडे जायचा रस्ता दाखवला. पहाटे साडेचारला कंदील घेऊन त्या रस्त्याने ड्यूटीला जायचो, म्हणाल्या. माझी आईही त्याच रस्त्याने गेली असणार. परतीला रेल्वेने दोन दिवसांची वाट तास-दीड तासात उलगडली. जयसिंगपूर, हातकणंगले, रुकडी. सिस्टर खिडकीशी झोपल्या होत्या.

फेब्रुवारीत महिला संघाची सभा झाली. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं, रकमेसकट. कोणी म्हणालं, जुनं कशाला उकरता. मी म्हटलं, उघड्यावर झालं होतं, उघड्यावरच मिटू दे. मग सिस्टर उठल्या. त्यांनी सुचवलं की यापुढे हिशेबात काही शंका आली तर आधी खजिनदाराला एकटीला भेटून विचारायचं, आणि हा संघाचा नियम करावा. चिटणीसबाईंनी दोन्ही गोष्टी इतिवृत्तात लिहून घेतल्या आणि पुढचा विषय काढला, ईस्टरच्या जेवणाचा. किराणा कोणी आणायचा, हे ठरायचं होतं.