चुरमुऱ्यांची गाडी

मिरजेत माझं गॅरेज आहे. बावीस वर्षं झाली. छोटा हत्ती (टाटा एस), पिकअप, दोस्त, जीतो असली छोटी मालवाहू वाहनंच जास्त येतात. जुनी गाडी घेताना लोक मला सोबत नेतात. पेट्रोलचे पैसे आणि दुपारचं जेवण एवढ्यावर मी जातो. गाडी पसंत पडली तर पुढची सर्व्हिसिंग माझ्याकडेच येते, हा माझा स्वार्थ.

गेल्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला एक मावशी आणि त्यांचा पोरगा असे दोघं शटर उघडायच्या आधीच येऊन थांबले होते. चुरमुऱ्याची भट्टी. माल मिरजेतून जयसिंगपूर आणि इचलकरंजीच्या दुकानदारांकडे जातो, भडंग करणारे बरेच. टेम्पो रोज भाड्याचा. भाडेवाला सणासुदीला नेमका दांडी मारायचा, म्हणून स्वतःची गाडी घ्यायचं ठरलेलं. पैसे अडीच लाखांच्या आत. पोराने मात्र बोलेरो पिकअपच मनात धरलेली. मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता, तोही पावणेदोन टनवाल्या मॉडेलचा.

"एका फेरीला माल किती जातो?" मी विचारलं.

"चाळीस पोती," पोरगा म्हणाला.

"वजन?"

दोघं एकमेकांकडे बघायला लागले. भट्टीत तांदूळ मोजून येतो आणि चुरमुरा मोजून जातो, पण गाडीत एकूण वजन किती पडतं हे कुणी कधी बघितलंच नव्हतं. टेम्पोवाला पोत्यावर भाडं घ्यायचा. मी म्हटलं, आधी भट्टीवर चला. तिथल्या काट्यावर पोतं ठेवलं. नऊ किलो. दुसरं नऊ किलो दोनशे. म्हणजे चाळीस पोत्यांचे जेमतेम पावणेचारशे किलो, आणि पोराला पावणेदोन टनाची गाडी पाहिजे!

मावशी हसल्या. "मग एवढी मोठी पोती दिसत्यात ती काय फुगा हाय व्हय?"

फुगाच की. चुरमुऱ्याला टनाची गरज नाही, जागेची आहे. छोट्या हत्तीचा हौदा साधारण सात फूट दोन इंच लांब आणि पावणेपाच फुटांपेक्षा थोडा जास्त रुंद. नीट रचली तर त्यात चाळीस पोती केबिनच्या उंचीच्या आसपास बसतात. त्यापेक्षा वर रचायची नाहीत, हे मी मुद्दाम बजावलं. हलका आणि उंच माल वारा धरतो. नदीच्या पुलावर आडवा वारा आला की गाडी हलते, आणि सरळ रस्त्यावरही तो वारा ढकलायला डिझेल जास्त जळतं. वजन कमी म्हणून अ‍ॅव्हरेज चांगलं पडेल असं धरून बसणारे इथेच फसतात.

मग भट्टीच्या भिंतीवरच खडूने हिशोब मांडला. रोज जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर. महिन्याला पंचवीस दिवस, म्हणजे दोन हजार. माझ्याकडे येणारे बोलेरो पिकअपवाले बाराच्या आसपास अ‍ॅव्हरेज सांगतात. डिझेलचा हत्ती अर्ध्या मालाला सतरा देतो. महिन्याला पन्नास लिटरचा फरक. डिझेल नव्वद धरलं तर साडेचार हजार. पोरगा भिंतीकडे बघत राहिला. त्याला काही पटलं नव्हतं, फक्त उत्तर सुचत नव्हतं.

सीएनजीचाही विषय निघाला. मारुतीची सुपर कॅरी सीएनजीवर चांगली चालते, तिचं बाराशे सीसीचं इंजिनही मऊ. पण जुनी सीएनजी घेताना टाक्यांची तारीख बघावी लागते, कारण दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट, म्हणजे टाकीच्या दाबाची तपासणी, करून घ्यावी लागते. ती चुकलेली असली तर तो खर्च आणि ते हेलपाटे घेणाऱ्याच्या गळ्यात. शिवाय पंपावरची रांग. मावशींचा माल दुकान उघडायच्या वेळेला पोचला पाहिजे. म्हणून डिझेलवरच थांबलो.

तरी पोराच्या समाधानासाठी पहिली गाडी बोलेरोच बघितली, सांगली-कोल्हापूर रस्त्यावरच्या एका यार्डात. तिच्याबद्दल फार सांगत नाही. मागच्या पाट्यांत, म्हणजे स्प्रिंगमध्ये, जास्त वजन ओढायला दोन पानं वाढवलेली होती आणि चॅसीला आतून वेल्डिंग मारून वर काळा रंग फासला होता. तिने काय ओढलंय हे विचारायचीसुद्धा गरज नव्हती. किंमत चार लाख. पोराने स्टिअरिंगवर हात फिरवला आणि उतरला.

दुसरी गाडी शिरोळ तालुक्यात होती, २०१७ चा छोटा हत्ती. मालक घरचाच माणूस, दलाल नाही. दारात गाडी अशी उभी की लग्नाला निघालीय असं वाटावं. नवं सीट कव्हर, नवं मॅटिंग, हौद्याला ताजा रंग. दोन लाख दहा हजार म्हणाला, दोनपर्यंत आलाही असता.

मी कामाला लागलो. सीट उचलून इंजिनला हात लावला, थंड. हे आधी बघायचं असतं. गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी चालू करून गरम करून ठेवणारे पुष्कळ. गरम इंजिन एका सेल्फला सुरू होतं, त्यातून काहीच कळत नाही. ही थंड असूनही दुसऱ्या सेल्फला चालू झाली. ऑइल फिलरचं झाकण काढून बघितलं, बॅक कॉम्प्रेशन नाही, म्हणजे आतून वाफारा बाहेर येत नव्हता. धूर सुरुवातीला जरासा पांढरट, मग साफ. निळा असता तर ऑइल जळतंय म्हणून तिथूनच परत फिरलो असतो. पाटे मूळचे, कमान शाबूत. टायरवरची तारीख बघितली, चारही टायर एका वर्षाचे. सातशे दोन सीसीचं दोन सिलिंडरचं ते इंजिन कसं टकटकतं हे माझ्या कानाला पाठ आहे, आणि आवाज चांगला होता. खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात होकार दिला होता. चहा आला होता, त्याचाही परिणाम असेल.

ट्रायल घ्यायला पोरगा ड्रायव्हर सीटवर, मावशी शेजारी, मी मागे हौद्यात. मावशींना पट्टा लावायची सवय नाही. आतापर्यंत भाड्याच्या टेम्पोत पोत्यांवर बसून गेलेल्या बाईला कुठली असणार? त्यांनी पट्टा धरून ओढला तो ओढतच राहिल्या, साडीचा पदर ओढावा तसा. पार शेवटपर्यंत. आणि मग गाडी जागची हलेचना. मी हौद्यातून वाकून बघितलं तर मावशी मांडीवर पडलेली भुकटी दोन बोटांत चोळत होत्या.

"मिस्त्री, हे बघा की."

"धूळ असंल मावशी."

"धूळ न्हवं. वाळू बी न्हवं. गाळ हाय."

मी काही बोललो नाही. चुरमुऱ्याच्या भट्टीवर दिवसभर तापलेली वाळू हलवायची आणि चाळायची, हे काम बाई तीस वर्षं करतेय. दाणा जाड की बारीक हे तिच्या बोटांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि २०१९ च्या ऑगस्टात भट्टीत पुराचं पाणी शिरलं तेव्हा घमेल्याने हाच गाळ तिने उपसला होता, त्याचा वासही तिला माहीत. मी खाली उतरलो. पट्ट्याच्या आतल्या टोकाला, रोज कधी बाहेर न येणाऱ्या भागावर, एक तपकिरी रेघ आडवी उमटलेली. त्या रेघेखालचा भाग वेगळ्या रंगाचा.

मग मी नवं मॅटिंग उचललं. सीटच्या रुळाचे बोल्ट आतून गंजलेले. फ्यूज बॉक्सच्या मागचे दोन कपलर सोडवले तर पिनांवर हिरवट साय. मागच्या लाइटच्या काचेत, तळाला, सुकलेला चिखल पापुद्र्यासारखा बसलेला. मालकाने इंजिन खोलून, धुऊन, नीट बांधून घेतलेलं होतं, म्हणूनच ते इतकं चांगलं वाजत होतं. कारागीर कुणीही असो, काम चोख होतं. पण पाणी इंजिनात जातं तसंच वायरिंगमध्ये, डिफरन्शियलमध्ये, अल्टरनेटरमध्ये, चॅसीच्या पोकळीतही जातं. तिथला गंज आतून खात राहतो आणि दोन-तीन वर्षांनी एकेक करून बाहेर येतो. कधी लाइट जातात, कधी सेल्फ लागत नाही. अशी गाडी लोक माझ्याकडे महिन्यातून दोनदा ढकलत आणतात आणि कारण मात्र मलाच विचारतात.

"दादा, गाडी पुरात होती का?" मी सरळ विचारलं.

"१९ ला गाडी गावातच नव्हती," तो म्हणाला. मग जरा वेळाने, "आन २१ ला सगळ्यांचीच गेली की."

त्याच्यावर राग धरता आला नाही. त्याच्या घराच्या भिंतीवरही पाण्याची खूण होती, माझ्या खांद्याच्या वर. कृष्णा आणि पंचगंगा दोन्ही जिथे फुगतात त्या भागात गाडी तरी कुठे नेऊन ठेवणार? पण त्याने सांगायला हवं होतं, एवढं मात्र खरं. खरं सांगून दीड लाख म्हणाला असता तर कदाचित मीच दुसऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाला, ज्याला वायरिंग नवीन ओढायची तयारी आहे अशाला, घे म्हणालो असतो.

परतताना पोरगा चिडलेला. मला विचारतो, "तुम्ही पट्टा का ओढून बघितला नाही?" उत्तर नव्हतं. मी नेहमी बघतो. त्या दिवशी राहिलं. मावशींनी डब्यातली भाकरी माझ्या हातात दिली आणि विषय बदलला.

तिसरी गाडी दुपारी चारला सांगलीत बघितली. तीही हत्तीच, २०१८ ची, एका बेकरीवाल्याची. मागे पत्र्याची बंद बॉडी. बाहेरून ओरखडे, एका बाजूचा आरसा दोरीने बांधलेला. किलोमीटर एक लाख चाळीस हजार दाखवत होता, आणि ब्रेकच्या पेडलवरचं रबर तेवढंच झिजलेलं, म्हणजे काटा फिरवलेला नसावा. जन्मभर पाव आणि टोस्ट वाहिलेली गाडी. मागचे पाटे नवे वाटावेत इतके ताठ. या वेळी मी पट्टा सगळ्यात आधी ओढला. टोकापर्यंत स्वच्छ. मावशींनी मागचं दार उघडून कोपऱ्यात हात फिरवला. पावाचा चुरा, आणि त्याला लागलेल्या मुंग्या.

बंद बॉडी चुरमुऱ्याला सोन्यासारखी. एक पाऊस लागला तर पोतं मऊ पडतं आणि दुकानदार परत करतो.

अडचण कागदांत निघाली. आरसीवर फायनान्स कंपनीची एचपी, म्हणजे कर्जाचा बोजा, अजून चढलेली. कर्ज फिटून दीड वर्ष झालं होतं, एनओसी घरात पडून, पण बोजा उतरवायचा पस्तीस नंबरचा फॉर्म कधी भरलाच नाही. ती एनओसी जुनी झाल्यामुळे नव्याने मागवावी लागणार होती. शिवाय दोन ई-चलनं बाकी आणि पासिंग, म्हणजे आरटीओचं फिटनेस, पुढच्या महिन्यात संपणार. ठरलं असं: दोन लाख वीस हजार, त्यातले पन्नास आज. एचपी उतरवून, चलनं भरून, पासिंग करून दिलं आणि गाडी नावावर करायच्या एकोणतीस-तीसच्या फॉर्मवर सह्या झाल्या की बाकीचे. बेकरीवाला कुरकुरला, पण त्याला पावासाठी मोठी गाडी घ्यायची घाई होती. पुढच्या वर्षी आठ वर्षं भरतील, मग पासिंग दर वर्षी आणि पर्यावरण करही, हेही मावशींना आत्ताच सांगून ठेवलं.

परमिटची चिंता नव्हती, तीन टनांच्या आतल्या मालगाडीला ते लागत नाही. आणि पोराच्या लायसनवर वेगळा शिक्का लागतो का हा घोळ सुप्रीम कोर्टाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालाने मिटलेला. साडेसात टनांपर्यंत साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीचं लायसन, चालतं.

दीड महिन्याने कागद पुरे झाले. गाडी माझ्याकडे आली. ऑइल, फिल्टर, पुढचे ब्रेक पॅड आणि एक आरसा. साडेसहा हजार बिल.

त्यानंतर वीस-एक दिवसांनी पोरगा एकटाच आला. येताना गाडी रिकामी येते, एक जण विटांचं रिटर्न भाडं देतोय, म्हणून म्हणाला, "मागे दोन पानं वाढवून द्या की."

मी पाना खाली ठेवला आणि त्याच्यासमोरच मावशींना फोन लावला. त्या काय बोलल्या ते स्पीकरवर होतं, इथे लिहिण्यासारखं नाही. पोरगा चुरमुऱ्याचं एक पोतं माझ्या गॅरेजवर उतरवून निमूट निघून गेला.