मीठ टाकून दाखवलं, तरी आज्जींनी आरओ घेतलाच

मी वॉटर प्युरिफायरच्या सर्व्हिसला आहे, विक्रीत नाही, हे आधीच सांगतो. परवा शिवाजी पेठेत एका आज्जींच्या यूव्ही मशीनचा दिवा बदलायला गेलतो. सोबत सेल्सचा नवा पोरगा होता, डीलर म्हणाला जाताजाता डेमो पण करून घ्या.

पोरानं बॅगेतनं ते कांड्यांचं यंत्र काढलं. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, दोन ग्लास घ्यायचे, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं, म्हणजे पाण्यातले क्षार काढणाऱ्या मशीनचं (ते बाटलीत सोबत आणलेलं असतंय), दोन्हीत लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या कांड्या सोडायच्या आणि प्लग लावायचा. थोड्या वेळात नळाचं पाणी पिवळं, मग तपकिरी, मग वर हिरवट-काळा गाळ. आज्जींनी पदर तोंडाला लावला. पोरगा सुरूच, "हे रोज नातवाच्या पोटात जातंय बघा. इचलकरंजीच्या काविळीचं इसरला काय?"

इथं माझं डोकं सटकलं. २०१२ ची ती साथ खरी होती, माणसं गेली त्यात. पण ती सांडपाणी मिसळलेल्या पाण्यातनं पसरली, आणि विषाणू ना ह्या कांडीला कळतो ना टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायच्या मीटरला. जंतूंसाठी आज्जींकडं यूव्ही आहेच की! तो गाळ पाण्यातला नसतोच, कांडीचं लोखंड झिजून येतोय. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून करंट जातो, आरओत काढून टाकलेले असतात म्हणून जात नाही, बास. आज्जींच्या नळाचा टीडीएस शंभराच्या आत होता, मानकात ५०० पर्यंत बिनधास्त चालतंय. असल्या पाण्याला आरओ लावायचा म्हणजे अर्ध्याहून जास्त पाणी मोरीत सोडायचं.

मी प्लग काढला, आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं, परत लावला. ते पण काळं. पोरगा खाऊ का गिळू करून बघाय लागला.

आज्जी म्हणाल्या, "मग मीठ पण वाईट काय रं?"

परत सगळं समजावलं. त्यांना कळलं, खरंच कळलं, मान हलवत होत्या. आणि मग म्हणाल्या, "तुझं खरं असंल बाळा, पण आता डोळ्यानं बघितलो न्हवं मी ते काळं. पोराला कसं पाजू?" आणि हप्त्याच्या फॉर्मवर सही.

गाडीवर मागं बसून पोरगा विचारतोय, "दादा, पुढच्या घरात पण मीठ टाकूया काय? तसंबी जातंयच की मशीन."