टाचण्यांची उलटी बाजू

टोरांटोचं आगाखान म्युझियम 2014 च्या सप्टेंबरात उघडलं, तेव्हा मी तिथे आठवड्यातून दोन दिवस स्वयंसेवक म्हणून जायचे. नोव्हेंबरात माझ्याकडे एक गट सोपवला. कागदावर 'मुस्लिम समुदाय' एवढंच लिहिलेलं. बसमधून उतरल्या सोमाली बायका, पाकिस्तानी बायका आणि रत्नागिरीकडची एक चाची. एकमेकींची भाषाही येत नव्हती. समुदाय होता तो आमच्या कागदावर.

माझ्या आडनावावरून चाचीने मला लगेच पकडलं. "तू मराठी ना गो? ह्या आगाखानी लोकांचा ना सगला?" मी हो म्हटलं आणि समोरचं काचेच्या घुमटाचं इस्माइली सेंटर, म्हणजे आगाखानांना मानणाऱ्या मुसलमानांचं केंद्र, दाखवलं. ते वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांनी बांधलं, नवी मुंबईच्या आखणीतले तेच, हेही सांगितलं. मला वाटलं, खूश होईल. "माझा पोरगा वाशीला र्‍हायचा," म्हणाली, "पावसात गच्चीतून पानी गलायचा." त्यात कोरियांचा काय दोष, पण असो.

पाकिस्तानातल्या समकालीन कलाकारांचं प्रदर्शन चालू होतं. त्यात आयेशा खालिद यांचं एक काम उंचावरून लटकलेलं. त्याच्या नावाचा अर्थ साधारण 'तुझी वाट पलीकडच्या बाजूने सुरू होते' असा. लांबून पाहिलं तर गालिचाच. पण मखमलीत सोन्याचं पाणी दिलेल्या आणि पोलादी अशा असंख्य टाचण्या टोचून तो केलेला. खालिद लाहोरला लघुचित्रकला शिकलेल्या, बारीक कामाचा हात तिथला. मी भूमिती, सूफी परंपरा, अंतरंग-बहिरंग असं पाठ केलेलं म्हणू लागले. चार वाक्यांतच पाकिस्तानी बायकांचं लक्ष उडालं.

चाची मात्र मागे जाऊन उभी होती. तिकडून टाचण्यांची टोकं बाहेर आलेली, हजारोंनी, साळिंदरासारखी. तिने आपलं बोट त्यांच्यापासून वीतभर लांब धरलं. बोटाच्या शेंड्यावर सुयांनी झालेला जुना घट्टा होता. चाळीस वर्षं शिवणकाम केलेलं.

"ह्या कोनी टोचल्यान? एकट्या बाईचा काम न्हाय ह्या. किती जनींची बोटा फुटली असतील."

माझ्या पाठ केलेल्या बोलण्यात बोटं कुठेच नव्हती.

थोडं थांबून ती पुन्हा म्हणाली, "सोन्याचा पानी हाय म्हनून बरा. आमच्या हवेत आठ दिसांत गंजल्या असत्या."

अडीचच्या सुमारास सोमाली बायकांनी घड्याळं पाहिली. असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजाची, वेळ झाली होती. चाचीही उठली. पाकिस्तानी बायका म्हणाल्या, अजून वेळ आहे, आमची नंतर होते. त्या हनफी. हनफी आणि शाफई ही सुन्नींमधली दोन धर्मशास्त्रीय मतं. सोमाली आणि कोकणी दोघी शाफई, म्हणून त्यांची वेळ एक. हे मला त्या दिवशी कळलं, आणि तेही चाचीकडून, जोडे काढता काढता.

नमाज झाल्यावर बसला दहा मिनिटं होती. मी शोधायला गेले तर चाची आणि एक उंच सोमाली बाई गालिच्याच्या मागे उभ्या. चाची कोकणीत बोलत होती, ती सोमालीत, आणि दोघी एका कोपऱ्यातल्या टाचण्या बोटांवर मोजत होत्या. पन्नासच्या पुढे गेल्या की चुकायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या.