बोरिवलीच्या उद्यानात: आवाज दयाळाचा की खारीचा?

मे महिन्यात पक्षी बघायला निघालो म्हटलं की लोक वेड्यात काढतात. पण दयाळाचं गाणं ऐकायचं तर दिवस हेच. मार्चपासून पावसाळ्याच्या तोंडापर्यंत त्याची वीण चालते आणि नर भल्या पहाटे गायला लागतो. थंडीत गेलात तर बहुधा गप्पच भेटेल.

बोरिवलीला पूर्वेकडे उतरलं की राष्ट्रीय उद्यानाचं फाटक चालत गाठता येतं. आत शिरतोय तोच डोक्यावर 'चिप् चिप् चिप्' सुरू झालं. भाच्याने लगेच दुर्बीण लावली. "मामा, कुठला पक्षी हा? दिसतच नाहीये!" रस्ता झाडणारे काका मान वर न करता म्हणाले, "पक्षी कसला, खार हाय. मांजर दिसलं असंल." खरंच, तीन पट्टेवाली खार बुंध्याला चिकटून बसली होती आणि दर हाकेला शेपटी झटकत होती.

खार एकच सूर कितीतरी वेळ रेटते. तो धोक्याचा इशारा असतो, म्हणून वैतागू नका, आजूबाजूला बघा. शिक्रा हा छोटा शिकारी पक्षीही दिसून जाईल. दयाळ मात्र उघड्या फांदीच्या टोकावर बसून शीळ फिरवत राहतो, मध्येच दुसऱ्या पक्ष्यांची नक्कल घुसडतो. श्वासनलिकेला जिथे दोन फाटे फुटतात तिथे पक्ष्याचं स्वरयंत्र असतं. खारीचं आपल्यासारखं घशात. गळ्यातली एवढी फिरत तिच्याकडून अपेक्षित नाही!

जागेवरून मात्र दोघांचं वाजतं. दयाळ ढोलीत घरटं करतो, खारीलाही ढोली चालते, शिवाय अंडी मिळाली तर ती सोडत नाही. एका वठलेल्या शिरीषावर खार ढोलीकडे सरकली तसा काळा-पांढरा नर तिच्यावर असा झेपावला की बाई शेपूट फुलवून थेट खाली. राखाडी मादी ढोलीच्या तोंडाशी डोकावून पुन्हा आत गेली.

जाणाऱ्यांसाठी: सोमवारी उद्यान बंद असतं. रविवारी कान्हेरीकडे जत्राच असते, आडवारी जा. ऊन चढायच्या आत फिरून घ्या. खाऊच्या पिशव्या हातात नकोत, माकडं हिसकावतात. खारींनाही शेंगदाणे टाकू नका. मोबाइलवर दयाळाचा आवाज अजिबात वाजवू नका, दुसरा नर हद्दीत घुसला समजून तो घरटं सोडून भांडायला येतो. बोरिवली लांब पडत असेल तर भायखळ्याची राणीबाग आहे, तिथे सुट्टी बुधवारी.