निरोप घेतला आणि आठ महिने गावातच राहिलो

"काऊन बे, गेला नाही का अजून?"

मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत हा प्रश्न मी जवळजवळ रोज ऐकला. मी मिशनरी म्हणून केनियाला निघालो होतो. चर्चच्या मंडळीने निरोप समारंभ ठेवला तेव्हा तिथं काम करायचं परमिट आलेलं नव्हतं. पण पाळकसाहेब म्हणाले, "येईलच. पुढं सारे शेतात गुंतले की कोण भेटणार?" शाल मिळाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, तरुण संघाने चाकांची सुटकेस दिली. दोन आज्या रडल्या. दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एकीची मोटार जळाली म्हणून मी विहिरीवर हजर.

मी आयटीआय केलेला इलेक्ट्रिशियन. पश्चिम केनियातल्या एका वसतिगृहात पंप, सोलर, वायरिंग बघायचं, पोरांना तेच शिकवायचं आणि रविवारी शब्बाथ शाळा, म्हणजे पोरांचा बायबलचा वर्ग घ्यायचा, असं काम. मिशनरी म्हटलं की अजूनही लोकांच्या डोळ्यांपुढे गोरा साहेब येतो. आमच्या यवतमाळात १९५३ साली पाळक घडवणारी सेमिनरी सुरू झाली, १९८३ मध्ये ती पुण्याला गेली. माझे आजोबा तिथल्या मेसमध्ये पोळ्या लाटायचे. त्यांचा नातू परदेशी निघाला याचं आईला कौतुक कमी, काळजीच जास्त. "तिकडं ज्वारीची भाकर भेटन का रे तुले?" मी उगालीचं सांगितलं, मक्याचं पीठ उकळत्या पाण्यात घोटून करतात ते. "मंग घाट्यावानीच हाय," म्हणाली, आणि तो विषय तिच्यापुरता मिटला.

कागदांचं थोडक्यात सांगतो. टीसीवर 'डॅनियल', आधारवर 'दानियल'. एवढ्या फरकापायी राजपत्रात नाव छापून घ्यावं लागलं, मग पासपोर्ट. तुम्हीही जाणार असाल तर आधी सगळ्या कागदांवरचं नाव एकदा ताडून बघा, बाकीचं नंतर. केनियाहून परतताना पिवळ्या तापाच्या लसीचं कार्ड दाखवावं लागतं, नाहीतर विमानतळावरून थेट विलगीकरणात. ही लस ठरावीक केंद्रांवरच मिळते. धामणगावहून विदर्भ एक्स्प्रेस धरली आणि मुंबईत टोचून आलो. टोचल्यावर १० दिवसांनी दाखला लागू होतो आणि पुढे जन्मभर चालतो. ठरल्या वेळेत झालेलं हे एकमेव काम.

परमिटचा अर्ज तिकडच्या मंडळीने करायचा असतो. आपल्या हातात काही नाही. लोक धीर द्यायचे, "देवाची वेळ यायची आहे." मला राग यायचा, खोटं कशाला बोलू! वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वेची इतकी वर्षं वाट पाहणाऱ्या जिल्ह्यातला मी. ती लाइन आत्ता कुठे कळंबपर्यंत आली. मला वाट पाहणं काय शिकवता?

रात्री मोबाइलवर स्वाहिली शिकायचो. दुकानाला 'दुका', हिशेबाला 'हेसाबू', सरकारला 'सेरिकाली'. वेळ मात्र ते सूर्योदयापासून मोजतात, सकाळचे सात म्हणजे त्यांचा एक. आणि थांब म्हणायचं तर 'सुबिरी'. आपल्या सबुरीचंच भावंड. त्या रात्री मोबाइल बंद करून झोपलो.

पैशांचं तर कापसावर होतं. मला पाठवणारी संस्था निम्मा खर्च देणार, निम्मा मंडळीने उभारायचा. उन्हाळ्यात ज्यांनी आकडे लिहून दिले, ते पेरणी आली की नजर चुकवू लागले. मी त्यांना दोष देत नाही. बियाण्याला पैसे नसताना माझ्या तिकिटाला कुठून आणणार? नोव्हेंबरमध्ये हंगामाचा सण झाला. लोकांनी पहिल्या वेच्याचा कापूस, कोंबड्या, कोहळी, अंडी वेदीपुढे आणून ठेवली आणि उपासनेनंतर लिलाव सुरू झाला. एक कोहळं ४०० रुपयांना गेलं. घेणाऱ्याने ते तिथेच परत दिलं, पुन्हा बोली लागली, ५५०. असं ते चार वेळा फिरलं. शेवटची बोली मोटारवाल्या आजीची होती. कोहळं उचलताना मला म्हणाली, "आता तरी जाशील न रे बाबू?"

दोन आठवड्यांनी परमिट आलं. मी खांबावर होतो, खिशात मोबाइल वाजला. खाली उतरून वाचलं, मग वर जाऊन उरलेलं काम केलं.

पाळकसाहेब पुन्हा समारंभ ठेवू म्हणाले. मी हात जोडले.

घरी येऊन सुटकेस खाली काढली तर उचलेना. आईने उन्हाळ्यातच तिच्यात तुरीची डाळ भरून ठेवली होती. "रिकामीच पडली होती," म्हणाली. डाळ कोठीत ओतली, कपडा ओला करून आतून पुसली. तरी चाकं फिरली की अस्तराखाली कुठेतरी चार दाणे वाजतात.